कोटीची गाडी आणि कच्ची वाट

वस्तू एका कामासाठी निर्माण व्हावी, कालांतराने ती निराळ्याच कारणासाठी विकली जाऊ लागावी आणि अखेर तिच्या मालकाने पदरचे पैसे खर्चून तिला पुन्हा मूळ कामास जुंपावे, असा व्यवहार अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. मोटारींच्या बाजारात मात्र तो आज राजरोस चालू आहे. दोन-दोन कोटी रुपये मोजून आलिशान ‘एसयूव्ही’ घ्यावयाची. मग तिची चकचकीत चाके उतरवून त्या जागी जाडजूड रबराची चाके चढवावयाची, पोटाखाली पोलादी पत्रा बसवावयाचा, पुढे दोर ओढणारा विंच लावावयाचा आणि ती डोंगरात, वाळवंटात किंवा चिखलात घालावयाची, हा छंद अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश यांत रुजला आणि आता आपल्याकडील श्रीमंत वर्गातही दिसू लागला आहे. ‘हौसेला मोल नाही’ एवढे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. परंतु मोल नाही अशी हौस जगात नसते. मोल असतेच, ते किती, आणि मुख्य म्हणजे ते कोण देतो, एवढाच प्रश्न असतो.

ज्या गाडीत आपण आयुष्यात कधी बसणार नाही तिच्या चाकांची चर्चा आपण का करावी, असे शिक्षक, कारकून वा विद्यार्थी असलेल्या वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. ती करावयाची ती अशासाठी की, ही गाडी ज्या माळावरून आणि ज्या किनाऱ्यावरून जाते तो आपल्या सर्वांचा आहे; आणि तिच्यासाठी जो कायदा वाकवला जातो तोच कायदा आपल्या दुचाकीला आणि रिक्षालाही लागू आहे.

टंचाईचे अपत्य

या प्रकारच्या गाड्यांत सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जाणारे घराणे म्हणजे इंग्लंडमधील लँड रोव्हर. तिचा जन्म मात्र ऐश्वर्यात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची तीव्र टंचाई होती आणि जो कारखाना निर्यात करून परकीय चलन मिळवील त्यालाच पोलाद मिळत असे. अमेरिकन सैन्याच्या जीपवरून कल्पना घेऊन, पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, शेतकऱ्याच्या उपयोगाची एक साधी गाडी रोव्हर कंपनीने तयार केली आणि एप्रिल १९४८ मध्ये ती ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. योगायोग असा की, त्याच वर्षी १ जून रोजी आपल्याकडे पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. कच्च्या वाटेवरील माणसाचा प्रश्न एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन प्रकारे हाताळला गेला. एका ठिकाणी व्यक्तीला समर्थ वाहन देण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी समाजाने सामायिक वाहन काढले.

पुढे १९७० साली त्याच कंपनीने रेंज रोव्हर बाजारात आणली. चारही चाकांना कायम मिळणारी शक्ती, चारही कोपऱ्यांत पट्ट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे हलके इंजिन ही तिची वैशिष्ट्ये होती. आज नवल वाटेल, पण त्या गाडीच्या आतील बैठका प्लॅस्टिकच्या कातड्याच्या होत्या आणि चिखलाने भरलेली जमीन पाण्याच्या नळीने धुता येत असे. शेतावर चालावी आणि शहरातही शोभावी, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती. १९८१ मध्ये तिला चार दारे आली, १९८२ मध्ये आपोआप बदलणारे गिअर आले. मागाहून गालिचे, खरे कातडे आणि लाकडी नक्षी आली. आरंभी सुमारे पावणेदोन टन असलेले तिचे वजन आज अडीच टनांच्या घरात गेले आहे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही नाममुद्रा २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. २०११ पासून त्यांच्या काही गाड्यांची पुण्यात जुळणी होऊ लागली आणि २०२४ मध्ये खुद्द रेंज रोव्हरची जुळणी इंग्लंडबाहेर प्रथमच, तीही पुण्यात, सुरू झाली. तेव्हा हा विषय आता केवळ परदेशचा राहिलेला नाही.

या साऱ्या प्रवासात गाडीचे मूळ सामर्थ्य नाहीसे झाले असे मात्र नाही. ते गालिच्याखाली झाकले गेले आहे. रूपांतर करणारा हौशी मालक ते झाकण काढू पाहतो. ते कसे, हे आता पाहू.

रूपांतराची रीत

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे टायर. आलिशान गाड्यांचे रिम आज २१, २२, प्रसंगी २३ इंचांचे असते. रिम जितके मोठे तितकी टायरची भिंत बुटकी. गुळगुळीत रस्त्यावर त्याने शोभा वाढते आणि वळणावर गाडी ताठ राहते. पण दगडाच्या धारेवर चाक आदळताच ती बुटकी भिंत दगड आणि रिम यांच्यामध्ये सापडून फाटते. म्हणून लहान रिम आणि उंच भिंतीचा, खोल नक्षीचा टायर बसवावा लागतो. येथेही मर्यादा आहे. अडीच टनांची वेगवान गाडी थांबवण्यासाठी ब्रेक मोठे असतात आणि रिम त्या ब्रेकवरून जाईल एवढे मोठे ठेवावेच लागते. वेगासाठी घेतलेली शक्ती अशा रीतीने चिखलात आडवी येते.

दुसरी पायरी फुकटची आहे आणि तिचाच लाभ सर्वाधिक आहे. रस्त्यावर टायरमध्ये साधारणतः ३२ ते ३६ पौंड हवा असते. वाळूत शिरताना ती १८-२० पौंडांवर आणली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबट होतो आणि गाडीचा भार अधिक जागेवर वाटला जातो. उंटाचा पसरट तळवा वाळूत का रुतत नाही, त्याचे कारण हेच. मात्र परत रस्त्याला लागताना हवा भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेग घेतला तर टायर तापतो आणि फुटू शकतो. म्हणून हवा भरण्याचा छोटा पंप जवळ असणे हे खऱ्या जाणकाराचे लक्षण.

तिसरी पायरी पोटाच्या रक्षणाची. इंजिनाचे तेल ज्या भांड्यात असते ते भांडे आणि गिअरपेटी गाडीच्या खालच्या अंगाला असतात. एक टोकदार दगड लागून भांडे फुटले की तेल वाहून जाते आणि कोटीची गाडी जागच्या जागी थांबते. त्यासाठी पोलादाचे किंवा जाड ॲल्युमिनियमचे कवच बसवतात. चढण्याउतरण्यासाठी दिलेल्या चकाकत्या पायऱ्या काढून त्या जागी गाडीचा भार पेलणाऱ्या मजबूत नळ्या लावतात. पुढचा आणि मागचा बंपर जितका खाली लोंबेल तितका चढ लागताच तो जमिनीत घुसतो. गाडी किती तीव्र चढ चढू शकते, हे इंजिनापेक्षा बंपरच्या आकारावरच पुष्कळदा ठरते.

चौथी पायरी उंचीची. अलीकडच्या आलिशान गाड्या हवेने फुगणाऱ्या पिशव्यांवर तोललेल्या असतात. कळ दाबताच गाडी काही इंच वर उचलली जाते. सोय उत्तमच. परंतु पिशव्या पूर्ण ताणल्या गेल्या की चाकाला खड्ड्यात खाली उतरण्यास वाव कमी उरतो आणि चाल कडक होते. शिवाय निर्जन जागी पिशवी फाटली तर दुरुस्ती करणारा कोण? म्हणून कित्येक जुन्या रेंज रोव्हरचे मालक पिशव्या काढून पुन्हा साध्या स्प्रिंगा बसवतात. काही जण गाडीची उंची मोजणाऱ्या छोट्या दांड्यांची लांबी बदलतात. संगणकास गाडी खाली बसली आहे असे वाटते आणि तो ती आणखी उचलतो. यंत्राला फसवण्याच्या या युक्तीत धोका असा की, गाडी उलटू नये म्हणून ब्रेक आणि इंजिन यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मूळ उंचीचा हिशेब धरून आखलेली असते. गाडी वर गेली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. हिशेब जुना आणि गाडी नवी, अशी स्थिती होते. टायरचेही तसेच. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर वेगमापक ८० दाखवील तेव्हा गाडी ८४ च्या वेगाने धावत असेल.

यानंतर येतो पाण्याचा प्रश्न. इंजिनाला हवा घेण्याची नळी छतापर्यंत उंच नेली की गाडी नदी पार करील, अशी अनेकांची समजूत असते. नळीने इंजिनात पाणी शिरण्याचा धोका टळतो. गाडी वाहून जाण्याचा धोका टळत नाही. प्रवाह जोराचा असेल तर गाडीचे मोठे बंद अंगच तिला उचलते. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालून प्राण गमावल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात. त्या वाहत्या पाण्याला गाडीची किंमत कळत नाही.

शेवटची पायरी सुटकेच्या साधनांची: ओढण्यासाठी सांगाड्याला पक्के जोडलेले हूक, ताण सोसणारा दोर, चाकाखाली सरकवण्याच्या फळ्या. ही साधने सर्वांत स्वस्त, दिसायला सर्वांत सामान्य. आणि बहुधा हीच घ्यावयाची राहून जातात. छतावरील दिव्यांची रांग आधी येते, दोर मागाहून येतो.

डॅरिएनचा धडा

आता एक इतिहास. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडणारा महामार्ग पनामा आणि कोलंबिया यांच्या दरम्यान सुमारे १०० किलोमीटर तुटलेला आहे. डॅरिएन नावाचे हे घनदाट जंगल आणि दलदल आजही रस्त्याविना आहे. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश सैन्यातील मेजर जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली एका मोहिमेने दोन रेंज रोव्हर घेऊन अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत प्रवास केला. डॅरिएनचा टप्पा ओलांडण्यास त्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. गाड्यांवर मोहिमेसाठी खास तयारी केलेली होती. दलदलीत रुतू नये म्हणून त्यांना फुगीर, अवजड टायर बसवले होते. परंतु चिखलात अडकलेल्या त्या टायरांचा ताण इतका वाढे की, चाकांना शक्ती वाटून देणारे डिफरन्शियल एकामागून एक फुटू लागले. इंग्लंडहून सुटे भाग आणावे लागले, ओझे कमी करावे लागले. आणि पुढे जाऊन वाट काढण्यासाठी एक जुनी, साधी लँड रोव्हर हाताशी घ्यावी लागली.

रूपांतराच्या शास्त्राचे सार या प्रसंगात आहे. गाडीचे सर्व अवयव एकमेकांच्या मापाने घडवलेले असतात. त्यांतील एक अवयव बलवान केला की ताण पुढच्या अवयवावर जातो आणि तो आधी मोडतो. टायर वाढवला तर डिफरन्शियल, कवच वाढवले तर वजन, वजन वाढले तर ब्रेक, असा हा क्रम आहे. आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. म्हणूनच जे खरोखर रानवाटांवर गाडी चालवतात ते बदल थोडे करतात आणि चालवणे अधिक शिकतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरते. तेथे चिखलातून वर येणाऱ्या गाड्यांत जुन्या जिप्सी आणि थार यांचीच गर्दी असते. हलके अंग, साधी रचना आणि गावोगाव मिळणारे सुटे भाग यांपुढे कातड्याची बैठक फारशी उपयोगी पडत नाही.

तरी ती का घ्यावी?

मग विचारी माणसाने दोन कोटींची गाडी घेऊन तिच्यावर आणखी काही लाख का ओतावे? मूळची साधी, मजबूत गाडी का घेऊ नये? केल्विन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडले की, ग्राहक वस्तू मागत नाही, वस्तूतील गुण मागतो. एका गाडीत आराम, वेग, सुरक्षितता, सामर्थ्य आणि प्रतिष्ठा असे अनेक गुण एकत्र बांधलेले असतात. बाजार ते सुटे विकत नाही; गाठोडे विकतो. ज्याला आराम आणि सामर्थ्य दोन्ही हवे आहे तो आरामाचे गाठोडे घेऊन त्यात सामर्थ्य स्वतः भरतो. या दृष्टीने रूपांतर हा वेडेपणा नसून बाजाराने बांधलेले गाठोडे सोडवण्याचा ग्राहकाचा प्रयत्न आहे. लांबच्या प्रवासात मुलाबाळांना घेऊन लडाखपर्यंत जाणाऱ्याला दिवसाचे दहा तास रस्त्यावर काढावयाचे असतात आणि एखादा तास नाल्यात. त्याने दहा तासांचा आराम निवडला तर त्याला हसण्याचे कारण नाही.

परंतु हे स्पष्टीकरण सर्वांना लागू पडत नाही. थॉर्स्टिन वेब्लेनने १८९९ मध्येच दाखवून दिले होते की, संपन्न वर्गाच्या उपभोगात दिखाव्याचा अंश मोठा असतो आणि वस्तू जितकी निरुपयोगी रीतीने वापरली जाईल तितकी ती मालकाची ऐपत अधिक स्पष्ट करते. महागडी गाडी जपून वापरणे ही मध्यमवर्गाची वृत्ती. ती दगडावर घासू देणे ही तिच्याही वरची पायरी. मला तिच्या ओरखड्याची पर्वा नाही, हे सांगणे म्हणजेच माझ्याकडे आणखी आहे हे सांगणे. ज्या गाडीवर विंच आहे पण ज्याचा दोर कधी सुटलाच नाही, अशा गाड्या आपल्या शहरांच्या सिग्नलपाशी उभ्या असलेल्या दिसतात. त्यांच्या टायरांचा गुंजारव डांबरी रस्त्यावर दुरून ऐकू येतो.

दिखाव्यावर बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीला कोणी पोलाद लावले तर त्यात इतरांचे काय जाते? उत्तर असे की, त्याचा खर्च काही वेळा इतरांवर पडतो. आणि तो पडतो तेथपासून हा विषय सार्वजनिक होतो.

कायद्याची विषम मात्रा

आपला कायदा याबाबत कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत दाखल झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने गाडीपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गजांच्या चौकटींवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. त्याचे कारण रास्त होते. धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग चेपला जावा आणि आघात शोषला जावा, अशीच त्याची रचना असते. लोखंडी चौकट तो आघात थेट सांगाड्याकडे पोहोचवते, हवेची उशी वेळेवर फुगण्यात अडथळा आणू शकते. आणि रस्त्यावरील पादचाऱ्याला तर ती प्राणघातकच ठरते. मालकाचा बंपर वाचतो, पायी चालणाऱ्याचे हाड मोडते. इतरांवर पडणारा खर्च तो हाच.

पण शिक्षेची मात्रा पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. व्यवहारात प्रश्न दंडाचा असतो. अडीच लाखांच्या रिक्षाला ५ हजार म्हणजे किमतीचा पन्नासावा भाग. दोन कोटींच्या गाडीला चार हजारावा भाग. एकाला जी शिक्षा, ती दुसऱ्याला प्रवेश फी. समान दंड हा नेहमीच समान न्याय असतो असे नाही.

दुसऱ्या बाजूने, सरसकट मनाईनेही प्रश्न सुटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा उंच चाकांच्या, हवेची नळी छतावर नेलेल्या गाड्या घेऊन हौशी चालकांनी पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढले. एरवी जे बदल नियमांच्या कचाट्यात सापडले असते तेच त्या दिवसांत उपयोगी पडले. त्यानंतर पाच महिन्यांनी वर उल्लेखिलेला निकाल आला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. कायदा शहाणा करण्याचे काम विधिमंडळाचे असते. जर्मनीत तांत्रिक तपासणी करून बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करून घेता येते. ऑस्ट्रेलियात बदलांची राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो. आपल्याकडे ‘सर्व बंद’ हा नियम आणि ‘सर्व चालू’ हा व्यवहार, यांच्यामध्ये परीक्षणाची पायरीच नाही. परिणामी सुरक्षित बदल करणारा आणि धोकादायक बदल करणारा हे दोघेही सारखेच गुन्हेगार ठरतात, आणि प्रामाणिकपणे तपासणी करून घेण्याचे कोणालाच प्रयोजन उरत नाही. अपघातानंतर विमा कंपनीने बेकायदा बदलाकडे बोट दाखवले की मालक अडचणीत येतो.

करआकारणीतही एक गंमत होती. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने मोठ्या उपयुक्तता-वाहनाची व्याख्या स्पष्ट केली: लांबी ४ हजार मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासून उंची किमान १७० मिलिमीटर. अशा गाडीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर बसे. ज्या देशात खेड्याच्या वाटेला उंच गाडीची गरज अधिक, तेथे जमिनीपासूनची उंची ही चैनीची खूण ठरली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, मोठ्या मोटारींना ४० आणि लहान मोटारींना १८ टक्के असे दर आले आणि उंचीचा वेगळा भुर्दंड संपला. हे योग्यच झाले. चैन कातड्यात आणि इंजिनात असते. उंची ही पुष्कळांची गरज असते.

माळ कोणाचा, किनारा कोणाचा?

रस्ता सोडून गाडी जाते म्हणजे ती कोणत्या तरी जमिनीवर जाते. ही जमीन बहुधा गावाची, वनखात्याची किंवा समुद्राच्या भरती-ओहोटीतली असते. सह्याद्रीतील कातळसड्यांवर मातीचा थर बोटभरही नसतो. पावसाळ्यात त्यावर जी फुले येतात ती त्या थरावर जगतात. अडीच टनांच्या गाडीच्या खोल नक्षीच्या चाकांनी तो एकदा उखडला की पाण्याचा ओघळ त्याच रेषेने जातो आणि उरलेली माती धुऊन नेतो. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि तेथे निदान पहारा आहे. नाव नसलेल्या शेकडो सड्यांवर तो नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले येथील वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. वाळूत चाकाने पाडलेली खोल चाकोरी ही आपल्याला क्षुल्लक वाटते. अंड्यातून निघून समुद्राकडे सरपटणाऱ्या पिलाला ती खंदकासारखी असते. एप्रिल २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवरात एक महागडी गाडी घालून काढलेले चित्रण देशभर पाहिले गेले आणि त्यावर संतापही व्यक्त झाला. परंतु संताप हा धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

ज्या साधनावर सर्वांचा हक्क आणि कोणाचीच देखरेख नाही ते ओरबाडले जाते, हा अनुभव गायरानापासून भूजलापर्यंत सर्वत्र आहे. त्याचा उपायही माहीत आहे. या हौसेसाठी ठरावीक जागा द्याव्यात; बंद पडलेल्या दगडखाणी, पडीक जमिनी आपल्याकडे थोड्या नाहीत. त्यांवर प्रवेशशुल्क घ्यावे, ते ग्रामपंचायतीला मिळावे आणि गावातील तरुणांना वाटाड्याचे काम मिळावे. मग उरलेल्या माळांवर, सड्यांवर आणि किनाऱ्यांवर मनाईची अंमलबजावणी करण्याचा नैतिक अधिकार शासनाकडे राहील.

वाट सुटते, दाद मिटते

आता सर्वांत गंभीर मुद्दा. रेंज रोव्हर ज्या वर्षी आली त्याच १९७० साली आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध ग्रंथ आला. नायजेरियात रेल्वेची सेवा बिघडली असताना ती सुधारण्याचा दबाव का निर्माण होत नाही, हा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी उत्तर दिले ते असे: बिघडलेल्या सेवेविरुद्ध माणूस एक तर तक्रार करतो किंवा सोडून जातो. ज्यांची तक्रार प्रभावी ठरली असती असे संपन्न आणि जाणते ग्राहकच जर पर्याय मिळताच निघून गेले, तर मागे उरलेल्यांचा आवाज क्षीण होतो आणि सेवा बिघडलेलीच राहते. नायजेरियात मालमोटारींची सोय होती, म्हणून रेल्वे सुधारली नाही.

आपल्या शाळांचे, रुग्णालयांचे हेच झाले. रस्त्यांचेही हेच होत आहे की काय, याचा विचार करावयास हवा. ज्याच्या शब्दाला मंत्रालयात वजन आहे अशा माणसाची गाडी खड्डा गिळून टाकू लागली की त्याच्या लेखी खड्डा उरतच नाही. गाडीची उंची वाढते तशी त्याची रस्त्याविषयीची तक्रार खाली बसते. त्याच रस्त्याने दुचाकीवरून पत्नीला आणि मुलाला मागे बसवून जाणारा कारकून, एसटीच्या मागच्या बाकावर धक्के खात जाणारी शिक्षिका, आणि रात्री-अपरात्री प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावयास निघालेली गर्भवती यांना मात्र उंच टायरचा पर्याय नसतो. वाईट रस्त्याला जुळवून घेणारी प्रत्येक खासगी गाडी रस्ता वाईट ठेवण्याची राजकीय किंमत थोडी थोडी कमी करते. कोणाचाही तसा हेतू नसतो. पण अर्थव्यवहारात हेतूपेक्षा परिणाम मोजावा लागतो.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवरील पाचशे आणि डोंगरी व आदिवासी भागांतील अडीचशे लोकवस्तीच्या वाड्यांना बारमाही रस्त्याने जोडावयाचे, हे तिचे मूळ उद्दिष्ट. कच्च्या वाटेवरील माणसासाठी झालेले हे खरे रूपांतर. त्यात वाहन बदलावे लागत नाही. वाट बदलते, आणि तिच्यावरून सायकलसुद्धा जाते. मात्र रस्ता बांधला की काम संपले असे नसते. त्याची दरवर्षीची डागडुजी हा खर्चाचा न दिसणारा भाग आहे, त्याचे उद्घाटन होत नाही आणि म्हणून तो पहिल्यांदा कापला जातो.

तेव्हा करावयाचे काय? हौशी मालकाला गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. त्याचे बदल तपासून नोंदवून घ्यावेत, जे पादचाऱ्याला घातक ते कटाक्षाने काढावयास लावावेत, दंड गाडीच्या किमतीशी निगडित करावा, त्याच्या खेळाला जागा द्यावी आणि त्या जागेचे भाडे घ्यावे. पूर-दरड यांच्या वेळी मदतीस येण्याची ज्यांची तयारी आहे अशा चालकांची आणि वाहनांची जिल्हावार नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात असावी. केरळने दाखवलेली वाट आपल्या कोकणाला आणि कोल्हापूर-सांगलीला उपयोगी पडेल. आणि मोठ्या मोटारींवरील कराचा काही निश्चित हिस्सा ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. ज्याला खड्ड्यांतून जाण्याची चैन परवडते त्याने खड्डे बुजवण्याला हातभार लावावा, यात अन्याय काहीच नाही.

गाडीच्या पोटाखाली किती इंच मोकळे सोडावेत, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. रस्त्यावर किती इंचांचा खड्डा सहन करावयाचा, हा मात्र सर्वांनी मिळून ठरवण्याचा प्रश्न आहे. आणि तो ठरवताना दुचाकीवाल्याचे मत कोटीच्या गाडीवाल्याइतकेच मोजले गेले पाहिजे.